चालत्या गाडीला फोन लावणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
माल, पार्सल आणि प्रवासी पोचवणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापक, त्यांच्या कंट्रोल रूममधून चालकांना कामं वाटणारे, निरोप देणारे डिस्पॅचर, आणि चालकांच्या हाती दिलेल्या ॲपचा आराखडा ठरवणारे सर्व

स.न.वि.वि.

तुमच्याकडे चालक म्हणून लागणाऱ्या माणसाकडून पुष्कळ ठिकाणी पहिल्याच दिवशी एका कागदावर सही घेतली जाते. ‘वाहन चालवताना मोबाइल वापरणार नाही, वापरल्यास परिणामांची जबाबदारी माझी राहील’ असा त्यातला मजकूर. ॲपवर काम करणाऱ्यांना कागदाऐवजी तीच ओळ स्क्रीनवर दिसते आणि ‘मान्य आहे’ दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. सही होते, गाडी रस्त्याला लागते आणि फोन वाजतो. कामाच्या वेळात वाजणारा हा फोन घरचाच असतो असं नाही. पुष्कळदा तो तुमचा असतो.

आमचा आक्षेप त्या सहीला आहे. गाडी चालवताना लक्ष उडण्याच्या या प्रकाराला दोन टोकं आहेत. एका टोकाला स्टिअरिंगवर बसलेला माणूस. दुसऱ्या टोकाला फोन लावणारा, मेसेज टाकणारा, काही सेकंदांत ‘घेतो की सोडतो’ ते सांगायला लावणारा. सही फक्त पहिल्याची घेतली जाते. दुसऱ्यासाठी नियम कुठे लिहिलेला नसतो, आणि तो लिहिणं सर्वस्वी तुमच्या हातात आहे.

पत्र लिहिणारे आम्ही व्यावसायिक चालकांना शिकवणारे आणि अपघातानंतर गाड्या व नोंदी तपासणारे लोक आहोत. आरसे कधी पाहायचे, पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, नजर किती लांब ठेवायची हे आम्ही आठवडेच्या आठवडे शिकवतो, आणि तुमच्या एका रिंगने ते सगळं बाजूला पडतं. पुढे अहवालात ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असं लिहायची वेळही आमच्यावरच येते. ते लिहिणं अर्धंच खरं आहे हे आम्हाला कळतं. उरलेलं अर्धं तुमच्या सर्व्हरवर पडून असतं आणि ते कुणी मागवत नाही.

तक्रारींकडे वळण्याआधी थोडं गणित मांडतो, कारण ‘एक मिनिट बोललं तर काय बिघडतं’ हा प्रश्न कंट्रोल रूममध्ये अगदी प्रामाणिकपणे विचारला जातो.

वेग ताशी ७२ किलोमीटर धरू, हिशेब सोपा जातो. कोणत्याही वेगाला ३.६ ने भागलं की सेकंदाचे मीटर मिळतात, म्हणजे इथे सेकंदाला २० मीटर. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि धड ब्रेक असलेली मोटार जोरात ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला आपल्या वेगातले साधारण ७ मीटर प्रतिसेकंद कमी करते. ब्रेक धरल्यापासून ती सुमारे २९ मीटरमध्ये थांबते. आता ५० मीटरवर अचानक काही आडवं आलं. लक्ष रस्त्यावर असलेल्या चालकाचा पाय एका सेकंदात ब्रेकवर गेला, तर त्यात २० मीटर गेले, पुढचे २९ धरून गाडी ४९ मीटरवर उभी राहिली. मीटरभर जागा उरली, कुणाला काही झालं नाही. तोच पाय अर्धा सेकंद उशिरा पडला तर ब्रेकसाठी २० मीटरच उरतात आणि गाडी ताशी ३९ किलोमीटरने आदळते. पूर्ण सेकंदाचा उशीर झाला तर ५८ ने. अर्ध्या सेकंदात एवढा फरक पडतो, आणि फोन कुणाचा आहे हे पाहण्यासाठी होल्डरकडे टाकलेली नजर अर्ध्या सेकंदात परत येत नाही. भरलेल्या ट्रकचं याहून वाईट. एअर ब्रेकमध्ये पेडल दाबल्यावर हवेचा दाब नळ्यांतून चाकाजवळच्या चेंबरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि ब्रेक धरल्यावरही एवढं वजन मोटारीइतक्या झपाट्याने थांबत नाही.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरे लावून खऱ्या रस्त्यावरचं खरं वागणं टिपलं. २००९ साली जाहीर झालेल्या त्या निष्कर्षांनुसार मेसेज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या ट्रकचालकाला अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका २३ पट होता. दर ६ सेकंदांच्या तुकड्यात त्याची नजर सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. ताशी ७२ ला हे ९२ मीटर होतात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली गाडीतल्या स्क्रीनसाठी मार्गदर्शक मर्यादा सुचवली ती अशी: एक नजर २ सेकंदांपेक्षा लांब नको आणि एका कामासाठी रस्त्यावरून काढलेल्या सगळ्या नजरांची बेरीज १२ सेकंदांपुढे नको. गाडीच्या कारखान्याकडून एवढी अपेक्षा ठेवली जाते. तुम्ही चालकाच्या फोनवर पाठवता त्या पानाला कुठलीच मर्यादा नाही.

आता तक्रारी.

पहिली तक्रार हँड्सफ्रीबद्दल आहे आणि ती आम्हाला सर्वांत जास्त टोचते, कारण इथे तुमचा हेतू चांगला असतो. कानाला लावायचं यंत्र दिलं, हात मोकळे झाले, नियम पाळला गेला, असं तुम्हाला मनापासून वाटतं. १९९७ साली टोरोंटोतल्या ६९९ चालकांच्या अपघातांची त्यांच्या फोनच्या बिलांशी वेळ जुळवून पाहिली गेली. फोनवर असताना धोका चौपट निघाला, आणि हात मोकळे असलेल्यांना काहीही फायदा झालेला दिसला नाही. २००५ साली ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या चालकांवर असाच अभ्यास झाला. तिथेही चौपट, आणि तिथेही हातातला फोन आणि हँड्सफ्री यांत फरक नाही. युटा विद्यापीठातल्या प्रयोगांत तर फोनवर बोलणाऱ्यांची नजर फलकावर नेमकी पडलेली यंत्राने टिपली, आणि नंतर विचारल्यावर तो फलक पाहिल्याचं त्यांना आठवेना. डोळ्यांसमोरून गेलेली वस्तू मेंदूने नोंदवलीच नव्हती.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतोच की, असं यावर विचारलं जातं. शेजारच्याला रस्ता दिसतो. पुढे गर्दी झाली, कुणी आडवं आलं की तो बोलता बोलता थांबतो, कधी ‘अरे, ट्रक बघ’ म्हणतो. डिस्पॅचरला यातलं काही दिसत नाही. चालक गप्प झाला की त्याला वाटतं लाइन तुटली, आणि तो ‘हॅलो, हॅलो’ करत आवाज वाढवतो. नेमक्या ज्या क्षणी चालक वळण घेत असतो किंवा लेन बदलत असतो, त्या क्षणी.

प्रश्न काय विचारला जातो यालाही महत्त्व आहे. ‘पोचलास का’ याला हो-नाहीत उत्तर देता येतं. ‘किती नग उरलेत, त्यातले परत किती आले’ यासाठी आठवावं लागतं, वजाबाकी करावी लागते. ‘पूल ओलांडल्यावर डावीकडे जुनं गोदाम आहे, त्याच्या मागून रस्ता आहे, कळला ना?’ हा तर सर्वांत वाईट. तो ऐकताना चालकाला मनात नकाशा उभा करावा लागतो, आणि मनाची जी ताकद पुढची गाडी किती अंतरावर आहे हे जोखायला लागते, तीच इथे खर्च होते. फोन ठेवल्याबरोबर ती परत येतही नाही. युटाच्याच संशोधकांनी २०१५ साली आवाजावर चालणाऱ्या गाडीतल्या प्रणाली तपासल्या, तेव्हा काम संपल्यानंतरही त्याचा परिणाम काही बाबतींत २७ सेकंदांपर्यंत उरत होता. ताशी ७२ ला हे अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर आहे. ‘ठीक आहे, ठेवतो’ म्हणून तुम्ही मोकळे होता, गाडी मात्र आणखी अर्धा किलोमीटर तुमच्याच प्रश्नावर चालत असते.

दुसरी तक्रार उलट्या मोजणीची. नवी ट्रिप किंवा ऑर्डर आली की स्क्रीनवर वर्तुळ आक्रसू लागतं, आवाज चढत जातो, आणि काही सेकंदांत बोट लावलं नाही तर काम दुसऱ्याकडे जातं. या पानावर वाचायला काय असतं पाहा: कुठून उचलायचं, कुठे पोचवायचं, किती अंतर, किती पैसे. निर्णय घ्यायचा तर हे सगळं वाचायलाच हवं. एका नजरेत ते वाचून होत नाही, तीन-चार नजरा लागतात, आणि प्रत्येक नजर परत आली की डोळ्याला जवळच्या काचेवरून लांबच्या रस्त्यावर पुन्हा स्थिरावावं लागतं. वय वाढतं तसा त्याला अधिक वेळ लागतो. रात्री उजळ स्क्रीन पाहिल्यावर अंधारा रस्ता क्षणभर आणखी अंधारा होतो.

दुचाकीवर हे कसं घडतं ते सविस्तर सांगायला हवं, कारण ॲपची बरीच कामं दुचाकीवर होतात आणि आराखडा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टेबलावर ठेवलेला फोन असतो. उजव्या हातात थ्रॉटल आहे, तो सोडता येत नाही. फोनकडे जातो तो डावा हात. गिअर नसलेल्या स्कूटरवर डाव्या लिव्हरला बहुधा मागचा ब्रेक असतो, गिअरच्या मोटरसायकलवर क्लच. म्हणजे स्क्रीनवर बोट असताना स्कूटरवाल्याच्या हाती फक्त पुढचा ब्रेक उरतो, आणि हँडल एका हातात असताना पुढचा ब्रेक करकचून दाबला की हँडल वळतं आणि गाडी आडवी होते. त्यात हातमोजा असेल तर साधी टचस्क्रीन बोट ओळखत नाही. पाऊस असेल तर काचेवरच्या थेंबांनाच बोट समजते. पहिलं दाबणं वाया जातं, दुसरं जातं, मोजणी चालूच असते, आणि माणूस तिसऱ्यांदा नीट बघून दाबतो. ताशी ४० किलोमीटरला ३ सेकंद म्हणजे ३३ मीटर. तेवढ्यात एखादं मूल रस्ता ओलांडून जातं.

ही मोजणी तुमच्याच कुणीतरी ठरवली आहे. ती रस्त्याने घातलेली अट नाही की ग्राहकाने मागितलेली सोय नाही. ती किती सेकंदांची असावी यावर तुमच्याकडे बैठका होत असतील. ती कुठल्या वेगाला सुरूच होऊ नये, हा प्रश्नही त्याच बैठकीत यायला हवा होता.

तिसरी तक्रार ‘कुठपर्यंत आलास?’ या वाक्याची. गाडीत ट्रॅकर आहे, चालकाच्या फोनचं ठिकाण दर काही सेकंदांनी तुमच्याकडे पोचतं, नकाशावर ठिपका सरकताना दिसतो. तरी फोन लावून विचारलं जातं. ज्याचं उत्तर तुमच्यासमोरच्या स्क्रीनवर आहे ते मागण्यासाठी चालकाची नजर खर्च करू नका.

चौथी तक्रार न उचललेल्या फोनच्या शिक्षेची. नाकारलेल्या किंवा सुटलेल्या कामांची टक्केवारी निघते आणि ती घसरली की पुढची कामं कमी येतात. कंट्रोल रूमचा फोन दोनदा उचलला नाही की संध्याकाळी बोलणी बसतात. हा हिशेब करताना गाडी चालू होती की उभी, हे पाहिलं जात नाही. ज्याने तुमच्या कागदावरची सही अक्षरशः पाळली, त्याचाच आकडा त्यामुळे पडतो.

पाचवी तक्रार अपघातानंतरची. तपास सुरू होतो तेव्हा चालकाचा फोन ताब्यात घेतला जातो. त्याने कुणाला फोन केला, काय पाहत होता, हे काढलं जातं. तुमच्याकडून त्या गाडीला शेवटच्या दोन मिनिटांत काय काय गेलं, ही यादी आपणहून पुढे येत नाही. पुष्कळ मोटारींतल्या नोंदणी-यंत्रात आघाताआधीच्या ५ सेकंदांचा वेग आणि ब्रेकची स्थिती साठते. ती तुमच्या सर्व्हरच्या नोंदीशेजारी ठेवली तर बरंच काही स्पष्ट होईल, पण त्यासाठी दोन्ही घड्याळं जुळलेली हवीत. सर्व्हर, फोन आणि गाडी यांच्या वेळांत चार-पाच सेकंदांचा फरक असला तर रिंग आधी की धडक आधी हे सांगता येत नाही, आणि मग संशयाचं सगळं ओझं चालकाकडे जातं. डॅशकॅमचं कार्ड भरलं की जुन्यावर नवं लिहिलं जातं. गाडी तुमच्याच आवारात आणून उभी केली आणि कुणी कार्ड काढलं नाही, तर इंजिन पुन्हा चालू केल्यावर तो पुरावा थोड्याच दिवसांत, कधी काही तासांतच पुसला जातो.

‘फोन उचलायचा की नाही हे शेवटी चालकानेच ठरवायचं ना’ असं तुम्ही म्हणाल. ज्यांनी हा प्रश्न आधी सोडवला, त्यांच्याकडे पाहा. १९७४ साली अमेरिकेत शार्लट इथे उतरू पाहणारं विमान कोसळलं आणि त्यातले बहुतेक सगळे दगावले. वैमानिक उतरण्याच्या तयारीत असताना इतर गप्पा मारत होते. १९८१ साली तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने नियम केला: जमिनीवर विमान चालताना, उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी आणि १०,००० फुटांखाली उडताना सुरक्षिततेशी संबंध नसलेलं कुठलंही काम नको. आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्या नियमाची सुरुवात. ‘वैमानिकाने करू नये’ याच्याही आधी ‘कंपनीने वैमानिकाला करायला लावू नये’ असं तिथे लिहिलं आहे. आणि उदाहरणं कसली दिली आहेत? खानपानाचं सामान मागवण्यासाठी कंपनीला केलेले संपर्क, प्रवाशांच्या पुढच्या विमानांची खातरजमा. कंट्रोल रूममधून ट्रकला जाणारे फोन याच जातीचे असतात.

रस्त्यावरचे कायदेही त्या दिशेने गेले आहेत. अमेरिकेत जानेवारी २०१२ पासून आंतरराज्य ट्रक-बस चालकाला हातात फोन धरायला बंदी आहे, आणि त्याच नियमाने कंपनीने त्याला तसं करू देणं किंवा करायला लावणंही निषिद्ध आहे. ब्रिटनच्या २००३ च्या नियमात चालत्या गाडीत फोन हातात घेणारा जसा दोषी, तसा त्याला ते करायला लावणारा किंवा करू देणाराही दोषी आहे. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २०१३ साली याहून पुढचं म्हटलं. समोरचा गाडी चालवतो आहे आणि तो आत्ताच वाचणार आहे हे ठाऊक असताना मेसेज पाठवणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते. तुम्हाला तर गाडी चालू आहे हे ‘ठाऊक असण्याची शक्यता’ नाही, तुम्हाला तिचा वेग आकड्यात दिसतो.

आणि कामाचा फोन म्हणून तो कमी घातक होत नाही. २४ जुलै २०१३ रोजी स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेलाजवळ ताशी ८० च्या वळणावर रेल्वे १७९ च्या वेगाने शिरली आणि जवळजवळ ८० माणसं गेली. घसरण्याच्या काही सेकंद आधीपर्यंत चालक कामाच्या फोनवर होता. पलीकडे त्याच गाडीतला तिकीट तपासनीस होता आणि विषय गाडीच्याच कामाचा होता. त्या वळणापाशी वेग आपोआप कमी करणारी यंत्रणा नसणं हा मोठा दोष होताच. पण आपण मार्गावर नेमके कुठे आहोत, याचं चालकाचं भान त्या एका साध्या फोनने नेलं.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. चालत्या गाडीला फोन लावणं बंद करा, आणि हे कंट्रोल रूमच्या लिखित नियमांत घाला. डिस्पॅचरच्या स्क्रीनवर गाडीचा वेग ताशी ५ किलोमीटरच्या वर असेल तर फोनचं बटण चालूच होऊ नये. नजरचुकीने लागलाच तर पहिलं वाक्य ‘गाडी थांबली आहे का?’ आणि उत्तर ‘नाही’ आलं तर दुसरं व शेवटचं वाक्य ‘थांबल्यावर लाव’. निरोप ‘तेवढ्यात पटकन’ सांगून टाकायचा नाही. हाच धागा ग्राहकाच्या फोनलाही लावा. बऱ्याच ॲपमध्ये ग्राहक आणि चालक यांचे नंबर लपवून फोन तुमच्यामार्फत जोडला जातो, तेव्हा तो तुम्हाला अडवताही येतो. ‘चालक गाडी चालवत आहेत, थांबल्यावर फोन करतील’ एवढं ग्राहकाला ऐकवा.

२. उलटी मोजणी फक्त उभ्या गाडीत सुरू होऊ द्या. काम आधी उभ्या असलेल्या चालकांना दाखवा. चालत्या गाडीसाठीच राखायचं असेल तर पुढच्या थांब्यापर्यंत राखून ठेवा. इथे एक धोका आहे तो उघड सांगतो: चालत्या गाडीत पान उघडू न देणारं नुसतं कुलूप ॲपला लावलं आणि काम दुसऱ्याकडे गेलं, तर प्रत्येक फेरीवर कमावणाऱ्या माणसाचं नुकसान होईल आणि तो दुसरा फोन, दुसरं ॲप वापरून कुलूप चुकवेल. म्हणून राखून ठेवणं हा या मागणीचा अविभाज्य भाग आहे. काही कामं काही मिनिटं उशिरा निघतील. तो उशीर ग्राहकाला दाखवायच्या वेळेत आधीच धरा.

३. ‘थांबली’ याची व्याख्या नीट करा. सिग्नलला वेग शून्य होतो, पण ती विश्रांती नव्हे. तिथे वाचलेला मेसेज हिरवा दिवा लागल्यावरही डोक्यात असतो. गाडीत जोडलेलं यंत्र असेल तर हँडब्रेक ओढला किंवा इंजिन बंद झालं, हीच खूण धरा. नुसता फोन असेल तर चालकाने दाबायचं ‘थांबलो आहे’ हे मोठं बटण द्या. ते वेग शून्य असल्याशिवाय दिसू नये आणि ताशी १० ओलांडताच कुलूप परत लागावं. बोगद्यात, उंच इमारतींत उपग्रहाचा संकेत तुटतो, तेव्हा गाडी चालतेच आहे असं धरा. ‘मी सहप्रवासी आहे’ म्हणून कुलूप काढायची सोय कामाच्या पाळीत एकट्या चालकाला देऊ नका.

४. आणीबाणीची यादी लहान आणि लेखी ठेवा. पुढचा रस्ता बंद आहे, पुलावर पाणी आहे, या गाडीच्या ब्रेकमध्ये दोष आढळला आहे. अशी घोषणा एकतर्फी आवाजात, एकाच छोट्या वाक्यात करा आणि तिला उत्तर मागू नका. ‘ग्राहक ओरडतो आहे’ हे या यादीत बसत नाही.

५. गाडी चालू असताना न उचललेला फोन आणि न घेतलेलं काम यांना टक्केवारीतून वगळा. हा बदल हिशेबाच्या सूत्रातला आहे, त्याला नवं यंत्र लागत नाही.

६. नकाशासाठी फोन लागणारच असेल तर होल्डर तुम्ही द्या आणि बसवूनही द्या. जागा स्पीडोमीटरच्या उंचीच्या आसपास, पाठ सीटला टेकलेली असताना हात पोचेल अशी. गिअरजवळ खाली ठेवलेल्या फोनसाठी मान वाकते आणि रस्ता नजरेच्या कडेलाही राहत नाही. समोरच्या काचेच्या मधोमध लावला तर पादचारी झाकला जातो. एअरबॅगच्या झाकणावर तर मुळीच नको, ती उघडली की होल्डर फेकला जातो. चार्जिंगची वायर पायांकडे लोंबू देऊ नका. मार्ग निघण्यापूर्वीच भरलेला असावा आणि दिशा आवाजात याव्यात.

७. फेरीच्या वेळापत्रकात मेसेज वाचायची जागा ठेवा. दोन थांब्यांमध्ये आलेले सगळे निरोप साठवून थांब्यावर एकत्र द्या, आणि ते वाचायला, उत्तर द्यायला लागणारी मिनिटं फेरीच्या वेळेत मोजा. ती मिनिटं मोजली नाहीत तर चालक ती चालत्या गाडीतून काढणार, हे तुम्हालाही माहीत आहे.

८. अपघात झाला की त्या गाडीला आधीच्या १० मिनिटांत गेलेले सर्व फोन, मेसेज, सूचना आणि कामाची पानं यांची नोंद त्याच दिवशी गोठवा आणि तपासयंत्रणेला न मागता द्या. चालकालाही एक प्रत द्या. सर्व्हर, फोन आणि गाडीतलं यंत्र यांची घड्याळं रोज जुळवा. डॅशकॅमचं कार्ड काढून सील करायचं काम कुणाचं, हे नावानिशी ठरवून ठेवा.

९. पहिल्या दिवशीच्या कागदावर दुसरी सही घाला. ‘वाहन चालू असताना चालकाशी संपर्क करणार नाही, केल्यास परिणामांची जबाबदारी कंपनीचीही राहील.’ खाली पाळीच्या डिस्पॅचरची आणि त्याच्या वरिष्ठाची सही.

यातली पाचवी आणि नववी मागणी या आठवड्यात पुरी होऊ शकते. पहिलीतलं डिस्पॅचरचं वाक्य तर आजच्या पाळीपासून लागू करता येईल. दुसरी आणि तिसरी यांना ॲपमध्ये बदल लागतील, त्याला काही महिने लागले तर आम्ही समजू शकतो, मात्र तारीख जाहीर करा.

तोवर एक मोजणी करून पाहा. गेल्या सात दिवसांत तुमच्याकडून चालकांना गेलेल्या प्रत्येक फोनची आणि कामाच्या पानाची वेळ काढा. त्या क्षणी त्या गाडीचा वेग काय होता, हा दुसरा रकाना शेजारी मांडा. दोन्ही नोंदी तुमच्याकडे आहेत आणि त्या जुळवायला एका माणसाचं एका दिवसाचं काम आहे. त्यातले किती फोन ताशी ५ च्या वर असताना गेले, तो आकडा तुमच्या चालकांसमोर फलकावर लावा, आणि दर सोमवारी नवा आकडा त्याखाली लिहा.

आपले,
व्यावसायिक चालकांचे प्रशिक्षक आणि अपघात-तपासनीस